मुळाकडची बाजू वर

अगं, आधी ऐक. चहा नंतर. मी थेट तामसिनकडून येतेय, बूटसुद्धा काढले नाहीत बघ.

तुला माहितीय ना, माझी बहीण आणि तिचा नवरा ग्रिफ तिकडे हेरफर्डशरमध्ये स्वतःच्या हातांनी ओकचं घर बांधतायत? वर्षभर त्या गळक्या कॅरव्हॅनमध्ये राहिलेत. गाद्यांना बुरशी. त्यात तिला आता आठवा महिना. ख्रिसमसच्या आत छप्पर पाहिजे म्हणजे पाहिजे. आज घराचा लाकडी सांगाडा उभा करायचा होता, दोर ओढायला माणसं हवी होती, म्हणून गेले. एवढंच.

सकाळी धुकं. थंडी अशी, की बोललं की तोंडातून वाफ. ओक हे लोक ओलाच वापरतात, वाळला की छिन्नीलाही दाद देत नाही. शेडभर आंबट वास, आणि त्या रसाने ग्रिफची बोटं काळीनिळी.

"या राणीसाहेब," तो म्हणाला, "नखं सांभाळा."

"तुझी बघ आधी. मढ्याची वाटतायत."

सगळे खांब-तुळया जमिनीवर मांडलेल्या. एक खांब सोडून बाकीचं लाकूड वखारीतून आणलेलं. तो एक गल्लीच्या वळणावरच्या ओकचा. वादळात कलला, म्हणून शेजारच्या प्रॉबर्ट आजींनी देऊन टाकलेला. आजी केक घेऊन आल्या होत्या. त्या खांबापाशी आल्या आणि थबकल्या.

"ग्रिफ, मुळाकडची बाजू वर घेतोयस?"

"हो आजी. बुंधा मुळाशी रुंद असतो ना, त्यावर तुळई नीट बसते. जुन्या घरांतही असाच उलटा लावायचे."

"ते माहितीय रे. पण हे झाड नको." त्यांनी आवाज खाली आणला. "तिथून जाताना आम्ही सगळे गल्लीच्या पलीकडून चालायचो. माझे वडील, त्यांचे वडील... झाडाखाली जो उभा असतो, त्याला जागा सोडायची."

"कोण उभा असतो?"

"ते कोणी विचारलं नाही. पण मुळांबरोबर त्याची जमीनच वर गेली, तर तो उभा कुठे राहणार?"

ग्रिफ हसला. "राहू दे की लटकून. भाडं मात्र घेईन मी!"

सगळे हसले. मीही हसले गं. आजी केक ठेवून निघून गेल्या, एक तुकडाही खाल्ला नाही त्यांनी.

दुपारी दोर ओढले. सांगाडा करकरत उभा राहिला, तामसिन तर रडायलाच लागली. सगळ्या जोडांमध्ये खुंट्या गेल्या, फक्त त्या खांबाचा जोड राहिला. शेवटची खुंटी पाहुण्याने ठोकायची म्हणे. मी शिडीवर चढले. बरोबर खाली, जिथे त्यांची झोपायची खोली होणार, तिथे तामसिन पालथ्या बादलीवर पोट धरून बसलेली.

मी खुंटी भोकात धरली आणि सहज तुळईच्या खालच्या बाजूकडे बघितलं.

तिथे बुटांचे ठसे होते. लाल चिखलाचे. दोन, शेजारीशेजारी, खांबाला लागून.

वाटलं, तुळई खाली पडलेली असताना कोणीतरी चालला असेल. ग्रिफच असेल. पण चिखल ओला होता गं. मी बोट लावलं, बोटाला लागला. आणि त्यातला एक थेंब सुटला... आणि खाली नाही पडला. वर जाऊन लाकडाला चिकटला.

मी डोळे मिटले. उघडले. ठसे तिथेच. फक्त आता चवडे माझ्याकडे वळलेले.

"काय झालं?" खालून ग्रिफ.

"ग्रिफ... ही खुंटी एकदा ठोकली, की निघते का रे?"

"छे! ओला ओक आवळतो तिला. मग करवतीनेच कापायची. आणि दुसरं लाकूड आणायचं तर उन्हाळाच उजाडेल. का?"

"ठोक ना गं!" तामसिन ओरडली. "बाळ शाळेत जायच्या आत!"

काय बोलणार होते मी? तुझ्या घरात चिखलाचे बूट आहेत? तिचं तोंड बघायला हवं होतंस. वर्षभरात तिला इतकी खूश पाहिली नव्हती मी.

मी ठोकली. तीन-चार घावांत बसली. खाली टाळ्या.

आणि मग मी वाकून तामसिनकडे बघितलं. ती वर बघून हसत होती, तोंडातून वाफ वर चढत होती. आणि तिच्या चेहऱ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, दुसरी वाफ. रिकाम्या हवेतून येणारी. संथ. श्वास घ्यावा तशी थांबून थांबून. ती वर जात नव्हती. खाली सांडत होती, तिच्या पोटावर.

"जॉस," ती म्हणाली, "वरून कसं दिसतंय माझं घर?"

"छान," मी म्हटलं. "...खूप छान."

पाळणा तिथेच ठेवणार आहेत गं, त्या तुळईखाली. तिथून निघाल्यापासून फोन हातातच आहे, तामसिनचा नंबर लावते आणि कट करते. सांग ना, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?