‘जातो’ म्हणायचं नाही

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो, मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाटत नाही.

मागच्या वर्षीचा मार्च. संध्याकाळची वेळ. जागा आपलं नगर, आमच्या चर्चमागचा हॉल.

तरुण संघाचं नाटक बसत होतं. विलायतेतल्या त्या जगप्रसिद्ध नाटककाराचं, मराठीत आणलेलं. दोन घराण्यांचं वैर, त्यांच्या पोरापोरीचं प्रेम आणि शेवटी दोघांचंही मरण. नायिका मी, जेनिफर. प्रियकराच्या भूमिकेत आधी नोहा होता.

नोहाशी माझी सोयरीक झाली होती. मे महिन्यात लग्न होतं. "तुम्हाला कशाला हवी तालीम?" म्हणून सगळे चिडवायचे.

तालीम मात्र एकाच शब्दावर अडायची.

प्रियकर पहाटे तिच्या खिडकीखालून निरोप घेतो. त्यानंतर दोघं जिवंतपणी भेटत नाहीत. तिथे त्याचं वाक्य होतं, "जातो." नोहा दर वेळी म्हणायचा, "येतो."

आणि मीही सवयीने म्हणायचे, "ये."

नाटक बसवणारे कृपादान सर कपाळाला हात लावायचे. "अरे, तू मरणाच्या वाटेवर निघालायस. किराणा आणायला नाही."

"जिभेवर येतच नाही, सर," नोहा म्हणायचा. "निघताना 'जातो' म्हटलं की आमची आई पायातली चप्पल काढते."

फेब्रुवारीत एका तालमीला त्याने ते बरोबर म्हटलं.

"जातो."

सरांनी टाळी वाजवली. मी "जा" म्हटलं. लिहिलेलं तेच होतं.

त्याच संध्याकाळी पारनेरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता. नोहा गाडीवरून घरी निघाला होता...

मी रडले नाही. दफनाला गेले, मूठभर माती टाकली, घरी येऊन भात खाल्ला. बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.

सर म्हणाले, नाटक बंद करू. मीच नको म्हटलं. नोहाची वाट बघायला मला तेवढी एकच जागा उरली होती.

त्याचा चुलतभाऊ जोशुआ प्रियकर झाला.

आणि मार्चमधली ती संध्याकाळ आली.

खिडकी म्हणजे प्लायवूडची चौकट. तिच्यामागे टेबलावर मी उभी. खालचा माणूस मला दिसत नाही, फक्त आवाज येतो.

"जातो," जोशुआ म्हणाला.

मी "जा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पंख्याचा आवाज बंद झाला. पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

खुर्च्यांचा नाही, रस्त्याचा नाही, कशाचाच नाही...

मग बाहेर मोटारसायकल थांबली. स्टँड लावलं.

खट्ट.

नोहाच्या गाडीचं स्टँड असंच वाजायचं. ती गाडी तर केव्हाच भंगारात गेली होती.

आणि अगदी खिडकीखालून...

"येतो."

"ये," मी म्हटलं. सवयीने. "सावकाश ये."

पंख्याचा आवाज परत सुरू झाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"कुणाला 'ये' म्हणालीस, जेनिफर?" सरांनी विचारलं. "जोशुआ तर केव्हाच बाहेर गेला."

मी खाली वाकून बघितलं. तिथे कुणी नव्हतं. दारात फक्त सरांची स्कूटर होती.

हे मी घरी सांगितलं नाही. पण आठवड्याने मेरीआत्या आल्या. नोहाची आई, माझी होणारी सासू. पदराने तोंड पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"जेनी, त्याला 'ये' म्हनलीस का गं तू?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? रोज दिवेलागनीला गाडी दारात येती. स्टँड लावल्यालं ऐकू येतं. दार उघडावं तर कुनीच न्हाई. आत येत न्हाई, जात बी न्हाई. लई दमलं असंल माझं लेकरू."

त्यांनी माझा हात धरला.

"नाटकात तुला 'जा' म्हनायचंय ना? तवा नीट म्हन, पोरी. त्याला सुटू दे. मला आईला न्हाई जमायचं. तुझं ऐकंल तो."

मी हो म्हटलं.

ईस्टरनंतरच्या शनिवारी प्रयोग झाला. हॉल भरला होता. आत्या पहिल्या रांगेत होत्या. मी खिडकीत उभी राहिले.

"जातो," म्हणून जोशुआ निघून गेला.

पंख्याचा आवाज गेला... लोकांचे खोकले गेले...

खट्ट.

"येतो."

आवाज दमलेला होता. आत्या म्हणाल्या तसाच.

एक शब्द म्हणायचा होता. तो मी आधी एकदा म्हटला होता, आणि नोहा गेला होता.

"ये," मी म्हटलं.

लोकांना चूक कळलीसुद्धा नाही. आत्यांनी मात्र मान खाली घातली. पुढचं सगळं नाटक मी पाठ केलेलं म्हणत गेले.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर आत्या समोर आल्या. आता बोलणार, असं मला वाटलं.

"सलाम, आत्या."

"सलाम." त्यांनी मला बाजूला घेतलं. "नाटक झाल्यापास्नं गाडी येत न्हाई दारात. मग म्हनलं, तुझ्याकडं येत आसंल." त्यांनी आवाज खाली आणला. "बरा हाय ना?"

"बरा आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. माझ्या गालाला हात लावून त्या घरी गेल्या.

वर्ष होऊन गेलं. आत्या अजून दर रविवारी विचारतात. मी म्हणते, बरा आहे.

मी त्याला 'ये' म्हटलं, आणि तो त्यांच्या दारातून निघाला. मग पोचला कुठे... मला माहीत नाही. माझ्याकडे तो एकदाही आलेला नाही.