रांगोळीत सापडलेला माग

कीर्तनाच्या दिवशी लालबागच्या राममंदिरात रांगोळी माझी. त्या सकाळी गेले, तर फरशीवर आधीच खडूच्या रेषा, ठिपके... कुणीतरी अर्धवट सोडलेली रांगोळी! मी झोकात ठिपके जोडले, कमळं फुलवली.

"ओ बाई, रुको! माझा माग बुडवलात!"

वळले. हातात मापाचा गज, कानाला पेन्सिल, कपाळावर घामाने ओघळलेला बुक्का... जसोंडी गावचा गिरधर! विणकराचाच मुलगा, पण हात सुताराचा. बाबांच्या नव्या हातमागाचा आराखडा तो पूर्ण मापात आखत होता. आमच्या घरी एवढी सपाट जागा कुठली?

"मागाला इतके ठिपके?"

"भोकं आहेत ती. आज साधा माग. पुढे दोरीने धोटा पळवायचा, त्याच्या खुंट्या इथे. त्याच्याही पुढे वेलबुट्टी विणायला नक्षीची पेटी, ती वर. चौकट हीच! साहेबाच्या गिरणीपुढे टिकायचं तर जागा आत्ताच राखायला हवी."

"म्हणजे पूर्वरंगातच उत्तररंगाची तयारी!"

तो हसला. "बुवांपेक्षा तुम्हीच झकास सांगता."

मी मान खाली घातली — रांगोळी मात्र पुसली नाही.

तेवढ्यात आमचं बोलणं ऐकत बाबा आले. "रिकामी भोकं? माझ्या लाकडात? नको रे भैया, दुसरा सुतार बघतो."

गिरधर खडू आवरू लागला. त्याचा पहिलाच माग होता तो. मी रामाकडे पाहिलं, आणि मग मीच बोलले.

"बाबा, आजोबांचा माग आठवतो? नवा धोटा बसेना म्हणून चौकट करवतीने कापलीत, अन् दोन दिवस जेवला नाहीत. या मागावर मी बसणार. भोकं राहू द्या."

बाबांनी वाकून सर्वांत वरच्या कमळावर बोट ठेवलं.

"हे भोक जरा खाली घे, गिरधर. माझ्या गोदाचा हात पोचला पाहिजे."

काय सांगू, माझा ऊर अभिमानाने भरून आला! बाबा देवापुढे हात जोडायला गेले. गिरधर खडूने नवं माप आखत पुटपुटला, "पहिल्या मागावर तुम्ही... नक्षीच्या पेटीवर मग कोण?"

"माझी नात."

"आणि तिचे... आजोबा?"

"खुंट्या ठोकायला हवेतच की कुणीतरी!"

त्याच्या हातातला खडू मोडला.

"काय ठरलं रे?" गाभाऱ्यातून बाबांनी विचारलं.

माझ्याकडे बघतच गिरधर म्हणाला, "तीन पिढ्यांचं ठरलं, काका."