कापसाच्या गाडीतली रात्र

ही कुणाकडून ऐकलेली उडती गोष्ट नाही. जिच्यावर हा प्रसंग आला ती माझी सख्खी नानी, नजीरा. तिच्याच तोंडून मी हे कितीदा तरी ऐकलंय. दर वेळी अगदी तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

शाहू महाराजांची राजवट होती. पौष महिना. जागा साळवणच्या पुढं, गगनबावड्याच्या वाटेवरचा एक उघडा माळ.

नानीचे वडील चमन हे उचगावचे पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचा धंदा. हिवाळाभर त्यांचं बिऱ्हाड बैलगाडीतच. वर तट्ट्यांचं छप्पर, मागं गोणपाटाचा पडदा, आत कापसाचे गठ्ठे. त्यांची बायको सुगरा रजया शिवायची. नानी तेव्हा पाच वर्षांची. एकुलती एक.

त्या संध्याकाळी गाडीचा आख मोडला. माळावर चिटपाखरू नव्हतं.

"आता सकाळपतूर हितंच," चमन म्हणाले. "भ्या कशाला? कापूस हाय की. गारठ्यानं मरत न्हाय आपण."

कापसामुळं विस्तव आत घेता येत नव्हता. चमननी गाडीपासून लांब शेकोटी केली. ती विझली. परत पेटवली. परत विझली...

वारा अजिबात नव्हता.

शेवटी तिघं रजईत शिरली. पडद्याकडं चमन, मग नजीरा, मग सुगरा. सुगराच्या पाठीमागं फक्त कापसाचे गठ्ठे.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

मग तो थांबला...

सुगराच्या पाठीला पाय लागले. बारके पाय. गारठलेले.

पोर लोळत मागं गेली असं तिला वाटलं. "नजीरा, पाय किती गार गं तुझं! रजईत घे की."

"अम्मा, मी हितं हाय."

आवाज पुढून आला. सुगराचा हात नजीराच्या डोक्यावरच होता.

"अवं..." सुगरानं नवऱ्याला हाक मारली. "अवं, उठा की!"

चमन जागेच होते. डोळे उघडे. पण बोटसुद्धा हलेना. मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले, "मी समदं ऐकत हुतो. मला उठता आलं न्हाय."

मग पाठीमागून हाक आली...

"अम्मा... लई गार लागतंय."

तो आवाजही नजीराचाच होता.

सुगराच्या तोंडात कलमा येईना. रजई गार पडत चालली. आणि ते बारके हात तिच्या कमरेवरून पुढं सरकले. नजीराकडं.

"तिला हात लावू नगं!" सुगरा रडायला लागली. "माझ्याकडं ये. ये, मी घेते तुला."

ती उताणी झाली. दोन्ही हात पसरले.

एका कुशीत ऊन पोर. एका कुशीत गार पोर.

रात्र सरेना. सुगरा हलली नाही. हलली तर काय होईल, कुणास ठाऊक.

पहाटेच्या सुमारास तिला जाणवलं... गार होती ती कोमट व्हायला लागली होती.

आणि ऊन होती ती गार.

मग दोघी सारख्याच झाल्या. अंधारात काही दिसेना. डावीकडून "अम्मा". उजवीकडूनही "अम्मा".

सुगराला काही कळेना. तिनं दोघींनाही घट्ट धरलं.

घुंगरं वाजली. उजाडलं होतं. चमन धडपडत उठले.

सुगराच्या कुशीत एकच पोर होती.

सकाळी केरबा नावाचा गाडीवान त्या वाटेनं आला. त्यानं आख बांधून दिला. चमननी त्याला विचारलं, "हितं कुणाचं पोर मेलं हुतं का?"

"न्हाय बा. जलम गेला माझा ह्या वाटंवर. हितं कायबी न्हाय, पावणं."

नानी म्हणायची, "ती रात्र मला सगळी आठवते. पण त्याच्या आधीचं काहीच नाही. उचगावचं घर नाही, दार नाही, काही नाही."

पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार, असं माझी आई म्हणते.

थोरली झाल्यावर नानीनं एकदाच सुगराला विचारलं, "अम्मा, मी कोणची गं?"

"हायस ती हायस," सुगरा म्हणाली. "परत इचारू नगंस."

पण दर पौषात सुगरा त्या माळावर जायची आणि एक नवी रजई ठेवून यायची. पहिल्या वर्षी पाच वर्षांच्या पोरीच्या मापाची.

पुढं दर वर्षी ती माप थोडं वाढवत गेली.