टायमर कोण लावतं?

प्रविण पहिल्यांदा काट्यावरच्या माझ्या खोलीत आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर, शर्टावर नुसता धानाचा कोंडा होता. तुमसरच्या राइस मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसते. माझा कॉम्प्युटर अडला होता म्हणून ऑफिसातून त्याला पाठवलं होतं.

मग त्यानं माझ्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चॅट बसवलं, त्यात स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं पाळायच्या सूचना, लिहिली. धानाची गाडी काट्यावर आली की ऑफिसात आपोआप निरोप जायचा.

"स्क्रिप्टले आधी विचाराचं, तुले कोनं उठवलं?" तो शिकवायचा. "टायमरनं, समोरच्याच्या मेसेजनं, का कोनी हातानं टाइप करून?"

"मानसाले बी असंच विचारता आलं असतं तं..." मी म्हटलं.

तो हसला — पण कान लाल झाले.

उन्हाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून माझा डबा न उघडताच घरी परतायचा. मग एका दुपारी स्क्रीनवर प्रविणचा निरोप उमटला, 'हर्षा, डबा उघड.' दुसऱ्या दिवशीही. रोजच. मी रडत रडत का होईना, जेवू लागले.

आता रविवारी लाखांदूरचे लोक मला पाहायला येणार होते. शुक्रवारी सकाळी आई म्हणाली, "मनात कोनी असल तं आजच सांग, बाई."

मनात होता. त्याच्या मनातलं मात्र ठाऊक नव्हतं.

प्रविण गाड्या उतरवून घेत होता, तेवढ्यात मी ऑफिसात गेले. निरोप तो स्वतः टाइप करतो का, हे मला पाहायचं होतं. त्याची स्क्रिप्ट पूर्ण वाचली आणि 'कोणी उठवलं' हे सांगणारी ओळ तिच्यात घातली. दुपारी निरोप आला, 'हर्षा, डबा उघड.' खाली शब्द होता — 'टायमर'.

म्हणजे इतके दिवस घड्याळच मला जेवायला सांगत होतं! कधीतरी लावून विसरला असेल. मी आईला फोन केला, "येऊ दे त्याइले."

संध्याकाळी चौकीदार सेवकरामकाकांनी रोजच्यासारखा मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर बंद झाले, आणि मी दारातच थांबले. चॅट बंद झालं की टायमर पुसला जातो. तो आपोआप परत लावणारी ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हती. मग रोज सकाळी तो लावतं कोण?

प्रविण नळावर हात धूत होता.

"टायमर रोज तुमी लावता?"

"...हो."

"काहून?"

"दुपारी मी गाड्याईवर असतो. गडबडीत भुललो, तं तू उपाशी राहशील. म्हून आल्या आल्या लावतो, मंगच चहा घेतो."

"मंग बोलले काहून नाई?"

"तुह्या घरी एवढं दुःख... भेव वाटलं."

"परवा मले पाहाले येऊन राहिले. मी हो म्हटलं."

नळ वाहतच राहिला. "तुले... पसंत हाय?"

"मले तं तुमी पाहिजे."

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "उद्या आईले घेऊन तुह्या घरी येतो."

मी तिथंच आईला फोन लावला. "रविवारच्याइले नाई म्हन, आई."

"काहून वो? काय झालं?"

मी फोन त्याच्यासमोर धरला. "तुमीच सांगा."

त्यानं ओले हात शर्टाला पुसले. "काकू... मी प्रविण बोलून राहिलो," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं.