भिंतीवरचा पंचविसावा खडा

ब्रामी, तो दिवा जरा आत घे, समुद्रावरून वारा सुटलाय. आणि मध्ये कुणी बोलू नका. गोष्ट तुमच्या बापाची, माझ्या ख्लाफूदादाची आहे. त्यानेच मला सांगितली. माझं यात एक अक्षर नाही.

हनुक्क्याच्या सणाचे दिवे लागायच्या आधीचा शनिवार. आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथचा विसावा संपला, तसा दादा कबरींवरची नावं उतरवायची वही घेऊन जुन्या दफनभूमीकडे निघाला. समुद्र दरवर्षी तिची एक रांग गिळत होता. आता राहिली होती लहान मुलांची रांग. त्यात आमची मस्सूदा. सहा वर्षांची असताना तापाने गेली. दादा तेव्हा नऊचा, मी जन्मलोही नव्हतो. कुठला दगड तिचा, कुणालाच आठवत नव्हतं. आईला तर तेव्हा दिसतही नव्हतं. तिचं एकच चालायचं, "माझ्या पोरीचा दगड उचलून आणा रे. पाण्यात जाऊ देऊ नका."

पण आपण पडलो कोहेन, पुरोहितांचं कुळ. कबरींत पाऊल टाकायचं नाही. म्हणून दादा भिंतीबाहेर बसायचा आणि शाळेतले मास्तर शुशान, ते कोहेन नव्हेत, आत फिरायचे. झिजलेली अक्षरं रात्रीच दिसतात, टॉर्च आडवी धरली की. मास्तर नाव ओरडायचे, दादा "लिहिलं" म्हणायचा, मग मास्तर भिंतीवर एक खडा ठेवायचे. एका नावाला एक खडा.

"काय रे ख्लाफू," मास्तर चिडवायचे, "बाजारात मासळीचा भावसुद्धा भिंतीआडूनच विचारतोस का?"

"तुम्ही वाचा हो मास्तर. तुमचं वाचन थांबलं की समुद्र पुढे येतो."

त्या रात्री सव्वाआठला दादा पोचला, तर आत आवाज सुरूच होता.

"हवीता, बिशीचा मुलगा. वय चार."

"लिहिलं."

भिंतीवर खडा वाजला.

मास्तर आज चेष्टा करत नव्हते. आवाजही बसलेला. सर्दी असेल, दादाला वाटलं. तेवीस नावं झाली. इतक्यात त्याचा फोन वाजला.

"ख्लाफू, रागावू नकोस रे. गुडघा धरलाय. आज काही येत नाही मी."

मास्तर. घरून.

दादाने फोन तसाच कानाला धरला. भिंतीपलीकडे पाहिलं. टॉर्च नव्हती. उजेडच नव्हता. मघापासून नव्हता.

"आत… कोण आहे?"

…

"मस्सूदा." आवाज बारीक झाला होता. "वय सहा."

…

"दादा, लिहिलंस?"

फोन खाली ठेवून दादाने लिहिलं.

"…लिहिलं."

खडा वाजला.

दादाने वही टाकली आणि भिंतीवरून उडी मारली. कोहेन माणूस. कबरींत.

आत कुणी नव्हतं. मुलांची रांगही नव्हती. शुक्रवारच्या भरतीने नेली होती. नुसतं पाणी.

आईला तो म्हणाला, "सापडली." ती त्या रात्री झोपली.

सकाळी मास्तर लंगडत आले. वहीत त्या रात्रीची चोवीस नावं. भिंतीवर नवे खडे पंचवीस. मास्तरांनी तीनदा मोजले. शेवटचा, बिननावाचा ओला खडा दादाने उचलून खिशात टाकला. का, ते बोलला नाही.

गेल्या महिन्यात मीही पहिल्यांदा कबरींत गेलो. दादाला पोचवायला. सख्ख्या भावासाठी आपल्याला मुभा असते. आग लागो त्या मुभेला.

खडा त्याच्या कोटात सापडला मला. तीस दिवस झाले. रोज उन्हात ठेवतो.

हात पुढे कर, ब्रामी.

…

अजून ओला आहे ना?