सभापतींची वाट

"कोणाची आहे रे ही स्कूटर? मालक मेलाय का?"

याओ-निंगचा आवाज तायनान शहरातल्या त्या अख्ख्या गल्लीने ऐकला. दुकानांपुढच्या छताखाली, ऐन फूटपाथवर एक निळी स्कूटर आडवी उभी होती. याओ-निंगची चाकांची खुर्ची पुढेही जाईना आणि मागेही. भुरभुर पावसातून एक मुलगा तोंडातला घास कसाबसा गिळत धावत आला.

"माझी आहे… सॉरी. दोनच मिनिटं लावली होती—"

"फूटपाथ काय बापाचा आहे?"

"नाही गं. बाबा तर माझ्याहून वाईट लावतात."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

तो रुइ-फान. दुसऱ्या दिवशी राज्यशास्त्राच्या वर्गात तिच्या शेजारच्याच बाकावर दिसला. ल्याओ मॅडम संसद पुस्तकातून शिकवत नसत, वर्गाचीच संसद करत. पक्ष, भाषणं, भांडणं, सगळं मुलांनी करायचं, आणि जो बोलला नाही त्याला गुण नाहीत. रुइ-फानच्या पक्षाला बहुमत मिळालं आणि तो सभापती झाला. फूटपाथ मोकळे करणं पाच वर्षं पुढे ढकलायचं, असं त्यांचं विधेयक. याओ-निंग अर्थातच विरोधात. पण कामं वाटताना सभापतीने तिला इतिवृत्त लिहायला बसवलं.

"दंगा होतो गं," तो हळूच म्हणाला. "व्यासपीठावर चढाचढी, ढकलाढकली… तुला त्रास नको. गुणांचं मी मॅडमशी बोलतो."

"तुला कोणी विचारलं होतं?"

"मी काळजीने—"

"घाल चुलीत तुझी काळजी!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सहलीला नको, नाचात नको, लहानपणापासून हेच. बाजूला बसवणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा असाच गोड असायचा. आणि या मेल्याच्या चेहऱ्याकडे तर बघतच राहावंसं वाटत होतं!

विरोधकांनी सभापतीला व्यासपीठापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, ही आमच्या देशाच्या खऱ्या संसदेची जुनी रीत; टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेली. तास संपल्याची घंटा होण्याआधी सभा सुरू झाली नाही, तर विधेयक बारगळणार होतं. सत्राच्या दिवशी रुइ-फान आला, तर वर्गाच्या एकुलत्या एका दारात याओ-निंग. खुर्ची आडवी, ब्रेक लावलेले. आतून तिचा पक्ष बाकं बडवत होता.

"सरक ना."

"नाही सरकत."

त्याच्या पक्षातल्या एका धिप्पाड मुलाने खुर्चीच्या दांड्याकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" रुइ-फान ओरडला. मग तिच्याकडे वळला, लालबुंद होऊन. "हा रडीचा डाव आहे! बहुमत आमचं आहे!"

"माझं तोंड बंद करून गाजवलेलं बहुमत!"

"मग भाषणात बोलायचं होतंस ना!"

"बोलू दिलंस? लेखणी दिलीस हातात आणि बसवलंस कोपऱ्यात!"

"मला सांगायचं होतंस—"

"का सांगू? तूच का नाही विचारलंस?"

श्वास लागला होता दोघांनाही… चेहरे अगदी जवळ आले होते. घंटा झाली. विधेयक पडलं. आत एकच जल्लोष उठला, आणि ल्याओ मॅडम मागच्या बाकावर डोळ्यांत पाणी येईतो हसत होत्या.

वर्ग पांगला, तरी तो दारातच उभा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्या सत्रात तू सभापती हो."

"देणारा तू कोण? निवडणूक लढवीन मी. तूही उभा राहा. आणि आजच्यासारखाच ओरड. दया दाखवलीस तर तोंड बघणार नाही तुझं."

"म्हणजे… मी भांडलेलं आवडलं तुला?"

"आजवर कोणी माझ्याशी धड भांडलंसुद्धा नव्हतं." तिचा आवाज चिरकला. "आवडतोस तू मला. आणि त्याचा भयंकर राग येतो! झालं समाधान? आता हो बाजूला."

तो हलला नाही. कान मात्र लाल झाले होते.

"आधी परत म्हण."

"रुइ-फान, पायावर चाक घालीन!"

"घाल. पण परत म्हण…"

आणि ती दातओठ खात परत म्हणाली.