विनंती थांबा

स्टिअरिंगला हात लावण्याआधी ड्रायव्हरनं आपली झोप दाखवायची, हा नियम येऊन आता चार महिने झाले होते. आगाराच्या फाटकावर अंगठा टेकवला की महिन्याभराची झोप पडद्यावर उमटे. तासाला पाचापेक्षा कमी थांबे असले तर गाडी मिळे, नाहीतर वर्कशॉपमध्ये टायरांची राखण. संग्राम घोरपडे तीन महिने टायर राखत होता. अठ्ठावीस वर्षं कुंभार्ली घाटात एक ओरखडा न पाडता गाडी चालवलेला माणूस, आणि त्याला झोपेत नीट श्वास घेता येत नाही म्हणून खाली उतरवलेला! त्यात आडनाव घोरपडे. आगारातल्या टवाळांना आयतंच मिळालं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते आणि श्वास अडतो. तो दहा सेकंदांपेक्षा जास्त अडला तर अहवालात त्याला ‘थांबा’ म्हणतात. संग्रामचे थांबे तासाला चौतीस होते. नाकावर मास्क लावून झोपायला लागल्यावर नळीतून येणाऱ्या हवेनं वाट उघडी राहू लागली आणि आठवड्याभरात चौतिसाचे नऊ झाले. पण पुढे नऊ काही हलेनात.

निद्राकेंद्रातल्या डॉ. तहसीन मुजावर यांनी अहवाल उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, मशीनचा दाब कुणी वाढवला?”

“मीच. गाडीत हवेचा दाब कमी असला की ब्रेक सुटत न्हाई, मॅडम. मला वाटलं, हितं बी तसंच.”

“गाडीची हवेची टाकी लोखंडाची असते, तुमचं नाक नाही. दाब फार झाला की मास्क कडेनं उचलतो आणि हवा सुटते. ही बघा गळती.” त्यांनी दाब पूर्ववत केला. “पण हे नऊ थांबे गळतीचे नाहीत. मास्कला हालचाल कळते. प्रत्येक थांब्याच्या आधी तुम्हाला डावीकडून धक्का बसलाय. माणूस दचकला की श्वास रोखून धरतो, आणि मशीन तोही थांबा धरतं.”

संग्रामनं क्षणभर विचार केला. “म्हंजे वाट बंद न्हाई. कुणीतरी हात दाखवला म्हणून गाडी थांबली. विनंती थांबा!”

डॉक्टरांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी अहवालात तसा रकानाच केला. मग दोघांनीही शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं संग्रामची बायको वर्षाराणी बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

“मी तरी काय करू? ह्यांचा आवाजच येत न्हाई आता,” ती म्हणाली. “बावीस वर्षं घोरणं थांबलं की मला जाग यायची. मी हलवायची, की परत घोरायला लागायचे. आता सगळं गपगार. जित्ता हाय का न्हाई, कसं कळायचं मला?”

“कधी बोलली न्हाईस,” संग्राम म्हणाला.

“तुम्ही झोपलेला असायचा.”

बावीस वर्षं ही बाई अर्धवट जागी होती आणि सकाळी उठून त्याचा डबा करत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरांची आठ वर्षं नेमक्या याच प्रश्नात गेली होती. “ढग गडगडले तरी बाळंतीण झोपून राहते, पण बाळानं नुसतं कुं केलं की उठते,” त्या म्हणाल्या. “झोपेतही मेंदू एक आवाज निवडून त्याच्यावर पहारा ठेवतो. मी त्याला राखणकान म्हणते. तुमचा राखणकान काकांच्या श्वासावर आहे. तो आवाज बंद झाला की मेंदूला वाटतं, माणूस गेला.”

उपाय साधा होता. संग्रामचं मास्कआधीचं घोरणं पहिल्या तपासणीत ध्वनिमुद्रित झालं होतं. त्यातले थांबे कापून डॉक्टरांनी एक सलग घोरणं तयार केलं आणि उशीखाली ठेवायच्या चकतीत भरलं. ते फक्त वर्षाराणीला ऐकू जाई.

पुढच्या अहवालात थांबे दोन, विनंती थांबे शून्य. फाटकानं हिरवा दिवा दाखवला, गाडी मिळाली. वर्षाराणीचे गाल भरले, ती भाकऱ्या थापताना गुणगुणू लागली. पहिले काही दिवस ती ‘चकती’ म्हणायची. पुढे पुढे ‘ह्यांचं घोरणं’ म्हणू लागली.

तिसऱ्या अहवालाच्या दिवशी डॉक्टरांनी वर्षाराणीला बाहेर बसवलं.

“काका, मंगळवारी पहाटे मास्क सरकला होता. तासभर. मास्कसोबत दिलेल्या मनगटावरच्या पट्टीनं एकेचाळीस थांबे मोजलेत. सगळ्यात लांबचा बावन्न सेकंदांचा. मशीनचा गजर वाजला, पण तुम्ही दोघंही उठला नाहीत.”

“आणि धक्के?”

“एकही नाही.”

संग्रामनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत श्वास रोखला. तिसाव्या सेकंदाला त्यानं हार मानली.

“माझं चुकलं,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांचा राखणकान अजून जागाच आहे. फक्त तो आता तुम्हाला राखत नाही, चकतीला राखतो. आपण चकती बंद करू या.”

“मग?”

“त्या पुन्हा जागतील. तुमचे थांबे पुन्हा नऊवर जातील. गाडी जाईल.”

“गाडीचं मरू द्या. ती किती दिवस जागंल?”

“सांगता येत नाही.”

काचेपलीकडे वर्षाराणी शेजारच्या बाईला काहीतरी सांगून खळखळून हसत होती. तिला असं हसताना संग्रामनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

“राहू दे चकती,” तो म्हणाला. “मला मास्कचा आणखी एक पट्टा द्या. घट्ट बांधतो. आणि तिला ह्यातलं काही सांगू नका.”

तो बाहेर आला तशी वर्षाराणी उठली.

“काय म्हणाल्या?”

“झ्याक हाय सगळं.”

“हायच की. मंगळवारी पहाटं मला जरा जाग आली, तर काय छान घोरत होता तुम्ही! एका लयीत. हलवायला बी लागलं न्हाई. मी बिनघोर कूस बदलली आन् झोपले.”

संग्रामनं तिच्या हातातली पिशवी घेतली.

“व्हय,” तो म्हणाला, “लई गाढ झोप लागली होती.”